पर्याय नसलेल्यांचा दर

३ फेब्रुवारी

आज नोकरीचा पहिला दिवस. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर, त्यामुळे मला दारापर्यंत सोडायला सगळं घर लोटलं होतं. सगळं घर म्हणजे आई, आणि शेजारच्या खोलीत शिलाई मशीन चालवणारा मामा. आईनं हातात पाण्याची बाटली दिली. मामानं सल्ला दिला, तो नेहमीसारखा फुकट होता.

"अर्थशास्त्रात पदवी घेतली आणि लागली कुठे, तर संडासात."

"संडासात नाही मामा, संडास चालवणाऱ्या कंपनीत."

"मग ठीक आहे. म्हणजे वास त्यांना, पगार तुला."

आमची कंपनी बसस्थानकांवरची स्वच्छतागृहं चालवते. नाणं टाकलं की फिरतं दार उघडतं. कंपनीचं ब्रीदवाक्य आहे, 'मोकळे व्हा, मोकळे राहा'. ते साहेबांनी स्वतः रचलंय आणि त्याबद्दल अजून कुणी त्यांना शिक्षा केलेली नाही. माझं पद दर-अभ्यासक. योग्य दर म्हणजे न्याय्य दर, असं आमचे सर वर्गात सांगायचे. हे काम करायला मिळावं यापेक्षा मोठं भाग्य कोणतं?

योगायोग म्हणजे माझा अभ्यास सुरू होणार तो मोठ्या बसस्थानकापासून. तिथे फलाटाच्या टोकाला आईची फळांची गाडी आहे. ती आमच्या कंपनीची रोजची गिऱ्हाईक.

कार्यालय तिसऱ्या मजल्यावर. बायकांचं स्वच्छतागृह आहे, पण कुलूपबंद. "बाहेरचे लोक वापरतात," साहेब म्हणाले. चावी त्यांच्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये असते. कुणी ती पर्समध्ये विसरून घरी नेऊ नये म्हणून तिला विटेएवढा लाकडी ठोकळा बांधलाय, त्यावर लाल रंगात 'महिला'. चावी हवी असेल तर साहेबांकडे मागायची आणि ठोकळा हातात धरून सगळ्या हॉलमधून चालत जायचं. हॉलमध्ये अकरा पुरुष आणि मी. मी आज मागितली नाही. पहिल्याच दिवशी कशाला.

९ फेब्रुवारी

आईनं विचारलं, "तू दिवसभर करतेस काय गं नेमकं?"

मी तिला मागणीची लवचिकता समजावली. एखाद्या वस्तूची किंमत वाढली की लोक ती घेणं किती कमी करतात, त्याचं हे माप. संत्री महागली की लोक केळी घेतात. म्हणजे संत्र्यांची मागणी लवचिक. औषध महागलं तरी घ्यावंच लागतं. ती मागणी अलवचिक. सगळी गंमत पर्यायात आहे. पर्याय असेल तर माणूस पळतो, नसेल तर पैसे मोजतो.

"मग हे कळून करायचं काय?" आई म्हणाली.

"ज्यांना पर्याय नाही त्यांना सांभाळायचं."

"असं पुस्तकात लिहिलंय?"

पुस्तकात तसं सरळ लिहिलेलं नाही. पण दुसरं काय करणार?

मामा तिकडून ओरडला, "ताई, पोरगी लवचिक झाली बघ. उद्यापासून हिला लवचिकाबाई म्हणायचं."

कार्यालयात आता मी सकाळी घोटभरच पाणी घेते आणि दुपारचा चहा टाळते. शिस्त लागली की कामात लक्ष राहतं.

१६ फेब्रुवारी

आठवडाभर पुरुषांचा दर एका नाण्यावरून दोन केला होता. मी फिरत्या दाराजवळ खुर्ची टाकून बसले. तिसऱ्या दिवशी पुरुष जवळजवळ दिसेनासे झाले. शास्त्रीय कुतूहलानं मी आगाराच्या मागे जाऊन पाहिलं. तिथे लांबलचक भिंत आहे आणि भिंतीला तिकीट नाही. माझं सगळं शास्त्र तिथे रांगेत पाठमोरं उभं होतं.

बायकांचाही दर त्याच आठवड्यात दोन नाणी केला होता. त्यांची संख्या थोडीशीच कमी झाली. दारावरच्या मावशी म्हणाल्या, "सारख्या कुरकुर करतायत, पण येतायत." मी वहीत लिहिलं, पुरुषांची मागणी अतिशय लवचिक, बायकांची अलवचिक. इतका स्वच्छ निष्कर्ष आमच्या सरांनाही कधी मिळाला नसेल. सोमवारपासून दोघांनाही परत एक नाणं.

२० फेब्रुवारी

नुसते आकडे पुरेसे नसतात, माणसांशी बोलायला हवं. म्हणून आज प्रश्नावली घेऊन स्थानकावर गेले. आईनं गाडी शेजारणीच्या भरवशावर टाकली आणि आसपासच्या विक्रेत्या बायका गोळा केल्या. फुलवाली, मोजे-रुमालवाली, भाजलेल्या शेंगा विकणारी म्हातारी, अशा बऱ्याच.

"या गं, पोरीला नोकरीत उपयोग होईल. ती विचारेल ते सांगा," आई म्हणाली. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मी लहानपणी बक्षीस घ्यायला गेले होते तेव्हा उभी होती, तशी.

मी विचारलं, दर कायमचा दुप्पट झाला तर तुम्ही काय कराल?

"काय करणार, जावंच लागेल," रुमालवाली म्हणाली. सगळ्या हसल्या. त्यानंतर प्रत्येकीनं तेच उत्तर दिलं, तेवढंच हसून. फुलवाली काहीतरी बोलणार होती, "तसं तर आम्ही आत्ताही..." पण आईनं तिला कोपरानं ढोसलं आणि म्हणाली, "नीट सांग, ती लिहून घेतेय." मग फुलवालीही म्हणाली, "जावंच लागेल, बाई."

विषय गंभीर आहे, पण आपल्या बायकांना हसण्याचीच सवय. असो. उत्तरं शंभर टक्के एकमतानं आली.

२७ फेब्रुवारी

अहवाल दिला. शेवटच्या परिच्छेदावर मी दोन दिवस खर्च केले. 'पुरुषांकडे भिंत आहे. स्त्रियांकडे कोणताही पर्याय नाही. म्हणून त्यांच्यासाठी दर कमीत कमी असावा.' लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी आलं, इतकं ते चांगलं लिहिलंय.

साहेबांनी माझ्यासमोर वाचलं. 'स्त्रियांकडे कोणताही पर्याय नाही' या वाक्यापाशी थांबले, लाल पेन काढलं आणि खाली दोनदा रेघ ओढली.

"हे," ते म्हणाले, "हे तुम्ही फार महत्त्वाचं शोधलंत."

बाहेरून माणूस रुक्ष वाटतो, पण आत कुठेतरी ओल असते हेच खरं. मे महिन्याअखेर मला कायम करण्याचा विचार आहे, असंही म्हणाले.

६ मार्च

आज स्थानकावर नवी पाटी लागली. पुरुष मोफत. महिला दोन नाणी.

मी धावत साहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी शांतपणे माझाच अहवाल माझ्यासमोर ठेवला.

"पुरुष पैसे मागितले की भिंतीकडे जातात. मग नगरपालिका आम्हाला दंड करते. त्यांना फुकट सोडलं की दंड वाचतो. राहिल्या बायका. त्यांना पर्याय नाही, हे कुणी लिहिलंय?"

"मी. पण पुढचं वाक्य..."

"पुढचं वाक्य तुमचं मत आहे. मागचं वाक्य शास्त्र आहे. आम्ही शास्त्रावर चालतो."

मी म्हटलं हा अन्याय आहे. ते म्हणाले, वाढीव पैशातून आत आरसे बसतील, दाराला आतून खुंट्या लागतील, दिवे लागतील. "बायकांना तेच हवं असतं ना?"

दिवसभर विचार केला. खुंट्या हव्याच होत्या. पिशवी ओल्या जमिनीवर ठेवावी लागते, अशी आईचीही तक्रार असते. तर याकडे सुधारणेसाठीचं योगदान म्हणूनही बघता येईल. राजीनामा देऊन कुणाचं भलं होणार? आत राहूनच व्यवस्था बदलता येते. (हे वाक्य मी तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा पटलं.)

घरी मामा म्हणाला, "वा, लवचिकाबाई. मला फुकट आणि माझ्या बहिणीला दुप्पट. भाऊबंदकी म्हणतात ती हीच."

आई त्याच्यावर चिडली. "तुला काय कळतंय? तिनं अभ्यास करून काढलाय दर." मग मला म्हणाली, "मी सगळ्यांना सांगितलं स्थानकावर, हा माझ्या मुलीनं काढलेला दर आहे म्हणून."

मी विचारलं, "त्या काय म्हणाल्या?"

"काय म्हणणार? हुशार आहे म्हणाल्या."

२३ मार्च

साहेबांनी केक मागवला. पंधरवड्यातच उत्पन्न वाढलंय. माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. केक कोरडा होता आणि घशाखाली उतरेना, पण मी पाणी घेतलं नाही. दुपारी दोननंतर मी घेतच नाही.

ऊन वाढलंय. आईची मात्र कमाल आहे. दिवसभर फलाटावर उभी असते आणि घरून नेलेली पाण्याची बाटली जशीच्या तशी भरलेली परत आणते. मी म्हटलं, "अगं, पीत का नाहीस?" तर म्हणाली, "धंद्याच्या गडबडीत लक्षातच राहत नाही." दुपारचा चहाही सोडलाय. चहानं पित्त होतं म्हणे. या वयात एवढा संयम. आमच्या घराण्यातच आहे बहुतेक.

आत खुंट्या लागल्या. आरसा अजून नाही.

१२ एप्रिल

संकट. बायकांची संख्या घसरलीय. पहिल्या महिन्यात किंचित, आता चांगलीच, आणि रोज येणाऱ्या बायकांची सर्वात जास्त. बाहेरगावच्या प्रवासी बायका येतात, स्थानकावर काम करणाऱ्या येत नाहीत.

साहेबांनी बोलावलं. "तुम्ही लिहिलं होतं पर्याय नाही. मग या जातायत कुठे? कुणीतरी जवळच स्वस्तात सुरू केलंय. शोधून काढा. तुमच्या कायमच्या पत्रावर मी सही करणारच होतो, तेवढ्यात हे."

खरंच, जातायत कुठे? पर्यायाशिवाय मागणी कमी होत नाही. हे तर पहिल्याच धड्यात आहे.

१६ एप्रिल

तीन दिवस प्रतिस्पर्धी शोधतेय. बँकेच्या पहारेकऱ्यानं विचारलं, "खातं आहे का?" वाचनालयाचं सभासदांसाठी राखीव. पेट्रोल पंपावरचं मोडलंय आणि त्याची चावी मालकाकडे, मालक गावाला. भिंतीमागे मी पुन्हा जाऊन आले. तिथे बायका नाहीत. पुरुष मात्र अजून आहेत. आत फुकट आहे, तरी सवय ती सवय.

दारावरच्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "मला काय विचारतेस? जी येत नाही, ती कुठे जाते हे मला इथे बसून कसं कळणार?" मुद्दा बिनतोड आहे.

आईलाही विचारलं. "आई, तू हल्ली कुठे जातेस?"

"जाते की तिथेच," ती म्हणाली आणि संत्री पुसायला लागली. पुसलेलीच होती ती.

आईचा चेहरा उतरल्यासारखा वाटतो. ऊन फार आहे.

२२ एप्रिल

काल सकाळपासून आईला थंडी वाजून ताप. कंबर धरून बसली होती. मामानं मशीन बंद केलं, रिक्षा आणली आणि वाटेत एकदाही विनोद केला नाही, तेव्हा मी घाबरले.

डॉक्टरीणबाईंनी आईला विचारलं, "लघवीला जळजळ होते?"

आईनं मामाकडे पाहिलं. मामा बाहेर गेला. मग ती म्हणाली, "होते."

"किती दिवस?"

"झाला महिना."

"पाणी किती पिता दिवसातून?"

आईनं या वेळी माझ्याकडे पाहिलं. "वेळ मिळत नाही हो."

"पाणी प्यायला वेळ मिळत नाही की नंतरच्या कामाला?" डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता म्हणाल्या. "स्थानकावर बसता ना तुम्ही? या महिन्यात तिथली तुम्ही चौथी. सगळ्यांचं एकच. पीत नाही आणि धरून बसता. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलाय. थोडा उशीर झाला असता तर दवाखान्यात ठेवावं लागलं असतं."

मी औषधाचा कागद घेतला. घरी येऊन आईची बाटली उचलली. परवा सकाळी भरलेली, अजून तशीच, काठोकाठ.

तर हा प्रतिस्पर्धी. तीन दिवस मी त्याला बँकेत आणि पेट्रोल पंपावर शोधत होते आणि तो रोज संध्याकाळी आमच्याच घरी येत होता. मी त्याला संयम म्हणत होते.

२४ एप्रिल

आईची गाडी आज मी लावली. केळ्यांचा भाव मला नीट सांगता येईना, म्हणून फुलवाली मदतीला आली. मी तिला विचारलं, "त्या दिवशी तुम्ही काय सांगणार होतात?"

"कधी?"

"मी प्रश्न विचारत होते तेव्हा. 'तसं तर आम्ही आत्ताही' म्हणालात."

ती फुलं वेगळी करत राहिली. "आम्ही एका नाण्यालाही दुपारपर्यंत जात नव्हतोच गं. कोण सारखं नाणं टाकणार? सकाळी पाणी नाही प्यायचं, म्हणजे निभतं. आता दोन झाली, तर संध्याकाळपर्यंत निभवतो."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाला? तू वही घेऊन उभी. तुझी आई तुझ्या खांद्यावर हात टाकून उभी, चेहरा असा की जणू तूच स्थानक बांधलंयस. पोर शिकली, नोकरीला लागली, तिच्यासमोर काय सांगायचं, आम्ही धरून बसतो म्हणून? लाज वाटते बाई. हसलो आणि म्हटलं जावंच लागेल. ऐकायला बरं वाटलं तुला, नाही?"

बरं वाटलं होतं. शंभर टक्के एकमत.

संध्याकाळी आईला विचारलं, मला तरी सांगायचंस. ती पडल्या पडल्या म्हणाली, "तुझी नोकरी पक्की व्हायची होती ना."

२९ एप्रिल

दुसरा अहवाल दिला. एकच पान. 'बायकांना पर्याय सापडला आहे. त्या पाणी पिणं सोडतात. हा पर्याय फुकट आहे, सगळीकडे उपलब्ध आहे आणि त्यानं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.'

साहेबांनी चष्मा लावला, काढला. "तहान हा पर्याय आहे, हे कुठल्या पुस्तकात दिलंय?"

"कुठल्याच नाही."

"मग?" लगेच त्यांना दुसरंच सुचलं. "आपण दाराबाहेर पाणी विकलं तर? पाणी प्यायल्या की आत येतीलच. दोन्हीकडून उत्पन्न."

या माणसाच्या आत ओल आहे, असं मी या वहीत लिहिलंय. ते खोडत नाही. राहू दे, मला वाचायला उपयोगी पडेल.

मी आईच्या तापाबद्दल सांगितलं. ते "अरेरे" म्हणाले आणि घड्याळ पाहिलं. मग मी त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. दर दुप्पट केला, पण गिऱ्हाईक निम्म्याहून खाली गेलं. एका नाण्याला जेवढं मिळत होतं, त्यापेक्षा आता कमी मिळतंय. पुढच्या महिन्यात आणखी कमी मिळेल, कारण लवचिकता वेळ घेते, पण येते.

त्यांनी आकडे दोनदा पाहिले. माझ्या आईच्या मूत्रपिंडानं जे झालं नव्हतं, ते बेरजेच्या ओळीनं झालं. साहेबांचं हृदय द्रवलं.

"दर खाली आणू. पण तहान वगैरे अहवालात नको. 'बाजारस्थितीनुसार' असं लिहा."

"नाही लिहिणार. कायम नाही केलंत तरी चालेल," मी म्हटलं. आवाज कापत होता. घसा कोरडा होता म्हणून असेल.

"मग मीच लिहितो," ते म्हणाले.

७ मे

नवी पाटी. 'महिलांच्या सन्मानार्थ, आता फक्त एक नाणं'. खाली साहेबांचा हसरा फोटो. पुरुषांच्या पाटीवर फोटो नाही, बहुतेक त्यांचा सन्मान आधीच झालेला असल्यामुळे.

माझ्या पत्राबद्दल साहेब काही बोलत नाहीत.

आई आता गाडीवर जायला लागली. आज तिची बाटली रिकामी आली. मी म्हटलं, "सांडली का?"

"प्यायले," ती म्हणाली. "त्या बयांनाही पाजलं. फुलवाली म्हणते, डॉक्टरीण आली मोठी." मग कोपऱ्यातली माझी पिशवी सरकवायला गेली. "एवढं जड काय आहे यात?"

आणि आतून माझी पाण्याची बाटली काढली. भरलेली. काठोकाठ.

मामा दारात सुई ओवत उभा होता.

"तू का नाही प्यायलीस?" आईनं विचारलं.

"चावी मागावी लागते," मी म्हटलं.

तीन महिने मी दारादारात बायका मोजत होते. एक मोजायची राहिली.

मामा काहीतरी खास बोलेल असं वाटलं. तो आत गेला आणि डब्यातून एक जाड खिळा आणून माझ्यापुढे ठेवला.

८ मे

सकाळी भरपूर पाणी प्यायले. अकरा वाजता साहेबांच्या खोलीत बैठक चालू होती. पाहुणे आले होते, टेबलावर नव्या पाटीचा फोटो ठेवलेला होता. मी दार वाजवून आत गेले.

"साहेब, चावी द्या."

"आत्ता?"

"हो. आत्ताच लागलीय."

खोलीत कुणीतरी खोकलं. साहेबांनी ड्रॉवर उघडला, ठोकळा काढला आणि टेबलाखालून द्यावा तसा माझ्याकडे सरकवला. मी तो दोन्ही हातांत धरला, लाल अक्षरं बाहेरच्या बाजूला, आणि हॉलमधून अकरा जणांसमोरून चालत गेले. घाई होती, पण धावले नाही.

परत येताना चावी दिली नाही. स्वच्छतागृहाच्या दाराशेजारी मामाचा खिळा ठोकला आणि चावी तिथे टांगली. हातोडी नव्हती. ठोकळ्यानंच ठोकला.

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. खिळा पाहिला, ठोकळा पाहिला. "तुमच्या पत्राचं आता बघावं लागेल," म्हणाले.

"बघा," मी म्हटलं. मग जागेवर येऊन बाटली उघडली आणि उरलेलं पाणी संपवलं.